दुसऱ्या संगणकावर मांडणी का बिघडते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

घरी नीटनेटकी दिसणारी फाइल दुसरीकडे छापायला नेली की पाने वाढतात, जोडाक्षरे फुटतात, नाहीतर सगळा मजकूरच अगम्य होतो. या महिन्यात अशा तक्रारींची पत्रे पुष्कळ आली. त्यांतले वेगवेगळ्या कारणांचे प्रश्न निवडून इथे उत्तरे देत आहोत. मेनूंची नावे विंडोज आणि वर्ड यांच्या इंग्रजी आवृत्तीत दिसतात तशीच घेतली आहेत.

प्रश्न : शाळेचा वार्षिक अहवाल घरच्या संगणकावर वर्डमध्ये, मंगल फॉन्ट वापरून केला. घरी २४ पाने होती. शाळेच्या नव्या संगणकावर तीच फाइल २७ पानांची झाली आणि निकालाचे तक्ते मधेच तुटले. वर्ड दोन्हीकडे आहे. फरक कशाने पडला? (शिक्षिका, सातारा)

उत्तर : वर्डच्या फाइलमध्ये मजकूर असतो आणि त्याला कोणता फॉन्ट लावायचा याचे नाव असते. अक्षरांचे आकार फाइलमध्ये नसतात, ते ज्या संगणकावर फाइल उघडली त्यात बसवलेल्या फॉन्टमधून घेतले जातात. ते नाव तिथे सापडले नाही तर वर्ड काहीही न विचारता दुसरा फॉन्ट लावतो. वर, फॉन्टच्या चौकटीत ‘मंगल’ हेच नाव दिसत राहते, त्यामुळे बदल झाल्याचे लक्षातच येत नाही.

मंगल हा विंडोजचा फॉन्ट, तो सगळीकडे असणारच, असे बहुतेकांना वाटते. पूर्वी ते खरे होते. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता आणि उत्साह हे फॉन्ट ऐच्छिक गटात गेले. नव्या संगणकावर देवनागरीसाठी हमखास असतो तो निर्मला यूआय. विंडोजमध्ये मराठी किंवा हिंदी भाषा जोडली की ऐच्छिक गट सहसा आपोआप उतरतो. तुमच्या घरी तसे झाले असेल. शाळेत ती भाषा जोडलेली नसेल तर मंगल तिथे नाही.

खात्री अशी करा. शाळेच्या संगणकावर फाइल उघडून ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲडव्हान्स्ड’ या वाटेने जा आणि ‘शो डॉक्युमेंट कंटेंट’ या भागातले ‘फॉन्ट सब्स्टिट्यूशन’ हे बटण दाबा. कोणता फॉन्ट गैरहजर आहे आणि त्याच्या जागी काय लावले आहे, हे तिथे दिसते. मंगल गैरहजर असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ शोधा, त्यात ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ निवडा आणि बसवा. यासाठी इंटरनेट आणि ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. मग वर्ड बंद करून पुन्हा उघडा.

आता पाने का वाढली ते पाहू. दोन ओळींमधले अंतर प्रत्येक फॉन्टच्या आत ठरलेले असते आणि ‘सिंगल’ अंतर म्हणजे तेच. देवनागरीत वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, उभी जोडाक्षरे यांना किती जागा सोडायची, हे प्रत्येक फॉन्टकाराने वेगळे ठरवलेले असते. दर ओळीला फक्त १ पॉइंट फरक पडला तरी ३० ओळींच्या पानाला ३० पॉइंट होतात. २४ पानांचे ७२० पॉइंट म्हणजे १० इंच, जवळजवळ एक पूर्ण पान. अक्षरांची रुंदी बदलल्याने शब्द पुढच्या ओळीत ढकलले जातात ते वेगळेच.

म्हणून ओळींचे अंतर फॉन्टवर सोडू नका. परिच्छेदाच्या चौकटीत ‘लाइन स्पेसिंग’ला ‘एक्झॅक्टली’ निवडा आणि मंगलच्या १२ पॉइंट मजकुराला १८ ते २० पॉइंट द्या. त्याहून कमी दिले तर अक्षरांची टोके कापली जातात. ‘मूर्तींची’ आणि ‘उद्ध्वस्त’ हे दोन शब्द टाइप करून छापून पाहा. पहिल्याचा वरचा आणि दुसऱ्याचा खालचा भाग शाबूत राहिला तर अंतर पुरेसे आहे. ओळीत चित्र असेल तर त्या परिच्छेदाला मात्र ‘सिंगल’च ठेवा, नाहीतर चित्राची एक चिंधीच दिसेल.

तक्ते तुटू नयेत म्हणून तक्त्याच्या गुणधर्मांत ‘रो’ या पानावर ‘अलाउ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस’ची खूण काढा, आणि शीर्षकाला ‘कीप विथ नेक्स्ट’ लावा. नवीन पान हवे तिथे कंट्रोल आणि एंटर दाबा. एंटर पुन्हा पुन्हा दाबून मजकूर खाली ढकलू नका. उजवीकडच्या सहीची जागा स्पेसबार दाबून आणली असेल तर तीही हलणार, कारण मोकळ्या जागेची रुंदी फॉन्टगणिक वेगळी असते. त्यासाठी टॅब स्टॉप किंवा रेषा नसलेला तक्ता वापरा. आमच्या मते बिघडणाऱ्या फाइलींतल्या निम्म्या तक्रारींचे मूळ या स्पेस आणि एंटरमध्ये असते.

प्रश्न : फाइलमध्येच फॉन्ट भरून देता येतो असे ऐकले. तसे केले तर कुठेही उघडले तरी सारखेच दिसेल ना? (ग्रंथालय कर्मचारी, फोंडा, गोवा)

उत्तर : बऱ्याच अंशी, पण काही अटींवर. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ इथे सर्वांत खाली ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’ आहे, त्यावर खूण करा. त्याखालच्या दोन खुणा महत्त्वाच्या आहेत. ‘डू नॉट एम्बेड कॉमन सिस्टिम फॉन्ट्स’ ही काढून टाका. तुमच्या संगणकाने सर्वत्र उपलब्ध मानलेला फॉन्ट पुढच्या संगणकावर असेलच असे नाही. ‘एम्बेड ओन्ली द कॅरेक्टर्स यूज्ड’ ही फक्त छापायच्या प्रतीला ठीक. समोरचा माणूस दुरुस्ती करणार असेल तर ती लावू नका, कारण मूळ मजकुरात नसलेली अक्षरे त्याला त्या फॉन्टमध्ये मिळणार नाहीत.

प्रत्येक फॉन्टच्या आत त्याच्या निर्मात्याने परवानगीची नोंद ठेवलेली असते. कंट्रोल पॅनेलमधला फॉन्ट्स फोल्डर ‘डिटेल्स’ दृश्यात उघडला की ‘फॉन्ट एम्बेडेबिलिटी’ हा रकाना दिसतो. ‘इन्स्टॉलेबल’ किंवा ‘एडिटेबल’ असेल तर निर्धास्त. ‘प्रिव्ह्यू/प्रिंट’ असेल तर समोरच्याला फाइल फक्त वाचता आणि छापता येईल. ‘रिस्ट्रिक्टेड’ असेल तर फॉन्ट भरला जाणारच नाही. तसेच .ओटीएफ प्रकारच्या काही फॉन्टमधली अक्षरे पोस्टस्क्रिप्ट पद्धतीने रेखलेली असतात. वर्ड ती भरत आलेला नाही. एकाच फॉन्टच्या .टीटीएफ आणि .ओटीएफ अशा दोन्ही फाइली मिळत असतील तर वर्डसाठी .टीटीएफ घ्या.

लिब्रेऑफिसमध्ये हीच सोय ‘फाइल’, ‘प्रॉपर्टीज’, ‘फॉन्ट’ इथे आहे. मोबाइलवरची कार्यालयीन ॲप्स मात्र भरलेला फॉन्ट वापरतीलच असे धरून चालू नका.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या त्रैमासिकाचे जुने अंक कृतिदेवमध्ये टाइप केलेले आहेत. नव्या संगणकावर ते इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन उघडतात. फॉन्ट टाकला की दिसतात, पण काही ठिकाणी एखादे अक्षर चुकीचे येते. युनिकोडमध्ये आणले तर ‘दुसऱ्या’सारखे शब्द बिघडतात. काय करावे? (डीटीपी चालक, अकोला)

उत्तर : कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये साठवला जातो तो मजकूर संगणकाच्या दृष्टीने इंग्रजीच असतो. इंग्रजी अक्षरांच्या आणि विशेष चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात: अर्धे अक्षर, काना, मात्रा, रफार. फॉन्ट नसला की मूळचे इंग्रजी उघडे पडते. फॉन्ट टाकूनही एखादे अक्षर चुकत असेल तर पहिला संशय वर्डच्या स्वयंदुरुस्तीवर घ्या. वाक्याचे पहिले अक्षर कॅपिटल करण्याची सोय चालू असेल तर वर्ड लहान अक्षराचे मोठे करतो, आणि कृतिदेवमध्ये त्या दोन जागांवर दोन निराळे तुकडे असतात. सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे होतात तेव्हाही तेच होते. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘प्रूफिंग’, ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’ इथे कॅपिटलच्या सगळ्या खुणा आणि ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’मधल्या अवतरणचिन्हांच्या आणि डॅशच्या खुणा काढा. हे जुनी फाइल उघडून तिच्यात काही टाइप करण्याआधीच करायचे आहे.

दुसरा संशय फॉन्टच्या आवृत्तीवर. एकाच घराण्यातल्या जुन्या-नव्या मालिकांत तुकड्यांच्या जागा वेगळ्या असू शकतात. नाव जवळपास तेच म्हणून बदली फॉन्ट लावला तर नव्वद टक्के मजकूर बरोबर दिसतो आणि नेमकी विरळ जोडाक्षरे चुकतात; अशी चूक मुद्रितशोधनातही सुटून जाते. मूळ फाइलीत जे पूर्ण नाव आहे, अंकांसकट, तोच फॉन्ट बसवा.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत असणाऱ्या पद्धतीत, आणण्याचा निर्णय योग्यच आहे. तो पुढे ढकलू नये असे आम्ही आग्रहाने सांगू, कारण जुन्या फॉन्टमधला मजकूर शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही आणि तो फॉन्ट हरवला तर वाचताही येत नाही. रूपांतर करताना क्रम असा ठेवा.

आधी मूळ फाइलीची प्रत काढून ती बाजूला ठेवा. मजकुरातले खरे इंग्रजी शब्द, ईमेल पत्ते, सूत्रे वेगळी करा. नाहीतर रूपांतरक त्यांनाही कृतिदेव समजून देवनागरी करून टाकतो. रूपांतरक नेमक्या त्याच फॉन्टसाठीचा निवडा. श्रीलिपी या दुसऱ्या जुन्या फॉन्टपद्धतीचा मजकूर कृतिदेवच्या रूपांतरकात घातला तर कचराच निघणार. मग पूर्ण अंकावर हात घालण्याआधी एक चाचणी परिच्छेद फिरवा. त्यात ‘कऱ्हाड, तऱ्हा, दुसऱ्या, कार्य, श्रद्धा, हृदय, उद्घाटन, वैशिष्ट्य, राष्ट्र, ज्ञानेश्वर, शक्ति, निर्मिती, ऑफिस’ एवढे शब्द असू द्या.

‘निर्मिती’ आणि ‘शक्ति’ का, तर जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचे उलटे: जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. जोडाक्षर आले की कच्चे रूपांतरक नेमके इथे चुकतात. वेलांटीला आधाराचे अक्षर सापडले नाही की टिंबांचे वर्तुळ दिसते. संपूर्ण अंकात ते वर्तुळ कुठे दिसते का, यासाठी एकदा नजर फिरवा.

‘दुसऱ्या’चे दुखणे सर्वांत नाजूक आहे. हा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एक म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह. दुसरा म्हणजे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. पहिल्या प्रकारातले अदृश्य चिन्ह फाइल इकडून तिकडे नेताना, मजकूर चिकटवताना किंवा ‘स्वच्छ’ करताना गळून पडते आणि मग रफार तयार होतो. दुसरा प्रकार टिकाऊ आहे, तोच वापरा. पण ‘र्य’ शोधून सगळीकडे एका फटक्यात ‘ऱ्य’ करू नका. ‘कार्य’, ‘सूर्य’, ‘आर्य’ बिघडतील, आणि ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक कोणताही प्रोग्राम ओळखणार नाही. शोधचौकटीत ‘र्य’ आणि ‘र्ह’ टाकून एकेक जागा डोळ्यांनी पाहून बदलावी लागते. वेळ लागतो, पण हा वेळ वाचवू नका.

प्रश्न : अर्ज आणि बायोडेटा मोबाइलवरून झेरॉक्स सेंटरला पाठवतो. तिथून छापून आलेले कधीच माझ्यासारखे नसते. (विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : वर्डची फाइल पाठवू नका, पीडीएफ पाठवा. वर्डमध्ये ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ निवडा आणि ‘ऑप्शन्स’मध्ये ‘पीडीएफ/ए’वर खूण करा. हा प्रकार दीर्घकाळ जतन करण्यासाठी ठरवलेला आहे आणि त्यात वापरलेले फॉन्ट फाइलमध्ये असणे सक्तीचे असते. नंतर ती फाइल संगणकावर ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून कंट्रोल आणि डी दाबा, ‘फॉन्ट्स’ हे पान पाहा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ लिहिलेले हवे. एखाद्या नावापुढे ते नसेल तर तोच फॉन्ट दुसरीकडे बदलणार.

व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा; पानाचा फोटो पाठवला तर अक्षरे फिसकटतात. छापणाऱ्याला ‘ॲक्चुअल साइझ’ ठेवायला सांगा. ‘फिट’ निवडले असेल तर पान थोडे लहान होऊन छापले जाते. मापात छापले की नाही ते पाहायचे असेल तर पानावर कुठेतरी १०० मिमीची रेघ ठेवा आणि कागदावर पट्टीने मोजा. ९७ भरली तर पान ९७ टक्के केले आहे. पीडीएफ पडद्यावर बरोबर पण कागदावर जोडाक्षरे तुटलेली, असे झाले तर दोष बहुधा प्रिंटरच्या ड्रायव्हरचा असतो. रीडरच्या छपाई चौकटीत ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट ॲज इमेज’ लावा. छपाई सावकाश होईल, पण अक्षरे जशीच्या तशी येतील.

प्रश्न : संगणक तोच, फाइल तीच, पण प्रिंटर बदलला की ओळी हलतात. हे कसे? (निवृत्त लिपिक, धुळे)

उत्तर : फाइल जुन्या .डॉक स्वरूपात असेल किंवा वर्डच्या शीर्षकपट्टीवर ‘कंपॅटिबिलिटी मोड’ दिसत असेल, तर ओळी मोजताना प्रिंटरची मापे धरण्याची जुनी सोय चालू असू शकते. ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘कन्व्हर्ट’ करून .डॉकएक्समध्ये जतन करा आणि पाने एकदा तपासून घ्या. दुसरे कारण समासाचे. लेझर प्रिंटर कागदाच्या कडेने साधारण ४ ते ५ मिमी पट्टा छापत नाही आणि बऱ्याच इंकजेटना खालच्या कडेला त्याहून जास्त जागा लागते. चारही बाजूंना किमान १५ मिमी समास ठेवला तर हा त्रास उरत नाही.

प्रश्न : लीगल कागदावर दस्त छापतो. शेवटची ओळ किंवा पान क्रमांक कापला जातो. वर्डमध्ये कागद लीगलच निवडला आहे. (वकील, सोलापूर)

उत्तर : हातातला कागद पट्टीने मोजा. वर्डमधला लीगल म्हणजे साडेआठ गुणिले चौदा इंच, म्हणजे २१६ गुणिले ३५६ मिमी. आपल्याकडे दुकानात लीगल किंवा एफएस म्हणून मिळणारा कागद बहुधा २१५ गुणिले ३४५ मिमी असतो. हा ११ मिमीचा फरक पूर्णपणे खालच्या कडेवर पडतो आणि नेमकी शेवटची ओळ किंवा पान क्रमांक जातो. वर्डच्या पेज सेटअपमध्ये ‘कस्टम साइझ’ घेऊन २१.५ आणि ३४.५ सेंमी भरा, आणि प्रिंटरच्या प्रेफरन्सेसमध्येही हेच माप नवीन कागद म्हणून नोंदवा. एकाच ठिकाणी बदलले तर उपयोग नाही. प्रिंटर वेगळ्या मापाच्या कागदाची वाट पाहत थांबतो किंवा मजकूर आपल्या मनाने लहान करतो.

प्रश्न : स्मरणिका पुण्यात तयार होते आणि आमच्या मंडळासाठी इकडेच छापली जाते. ए-फोरवर रचलेली पाने इथल्या लेटर कागदावर छापताना दरवेळी लहान होतात. (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : लेटर कागद २१६ गुणिले २७९ मिमी, ए-फोर २१० गुणिले २९७. म्हणजे लेटर ६ मिमी रुंद आणि १८ मिमी बुटका. मजकुराचा चौकोन दोन्हींत बसेल असा ठरवून टाका: १७० मिमी रुंद, २३९ मिमी उंच. ए-फोरवर डावा-उजवा समास २०, वरचा २०, खालचा ३८ मिमी. लेटरवर डावा-उजवा २३, वरचा आणि खालचा २० मिमी. चौकोन तोच राहतो, म्हणून एकही ओळ हलत नाही, आणि पुण्याहून दोन पीडीएफ मागवता येतात. वर्डच्या ‘ॲडव्हान्स्ड’मधल्या ‘प्रिंट’ भागात ए-फोर आणि लेटर यांच्यात आपोआप लहान-मोठे करणारी एक खूण असते, ती दोन्हीकडे काढून ठेवा.

प्रश्न : लग्नपत्रिका आणि फ्लेक्स कोरलड्रॉमध्ये करून छपाईला पाठवतो. प्रेसमध्ये फॉन्ट बदलतो. (डिझायनर, मालेगाव)

उत्तर : मुद्रितशोधन पक्के झाल्यावर सगळे निवडून कंट्रोल आणि क्यू दाबा. अक्षरांच्या रेषा होतात आणि फॉन्टची गरजच उरत नाही. त्याआधी टाइप केलेली फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. रेषा झाल्यावर तारखेतला एक आकडाही टाइप करून बदलता येत नाही. प्रेसकडे कोरलची आवृत्ती जुनी असेल तर फाइल त्या आवृत्तीत जतन करण्याआधी हे करा, नंतर नव्हे, कारण आवृत्ती उतरवतानाच मजकूर सरकू शकतो. पॉवरक्लिप आणि लपवलेल्या किंवा कुलूपबंद लेयरमधला मजकूर निवडीत येत नाही, तो उघडून स्वतंत्र बदला. फ्लेक्ससाठी मोठे करायचे असेल तर अक्षरांच्या कडेच्या रेषेला ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’ लावलेले हवे, नाहीतर दहा फुटांवर ती केसासारखी दिसते.

इनडिझाइन वापरणाऱ्यांनी ‘फाइल’, ‘पॅकेज’ करावे. त्यात तयार होणारा ‘डॉक्युमेंट फॉन्ट्स’ हा फोल्डर मूळ फाइलीच्या शेजारीच राहू द्यावा. तिथले फॉन्ट इनडिझाइन स्वतःहून उचलतो. देवनागरी परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर लावलेला नसेल तर वेलांट्या जागच्या हलतात.

प्रश्न : आमच्या कार्यालयात एका संगणकावर ल आणि श वेगळे दिसतात, दुसऱ्यावर वेगळे. पान क्रमांक कधी १, २, ३ असे तर कधी इंग्रजी येतात. (कार्यालय अधीक्षक, रत्नागिरी)

उत्तर : ल आणि श यांची मराठी वळणे आणि हिंदी वळणे वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण ठरवले. अनेक युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात आणि मजकुराची भाषा कोणती नोंदवली आहे त्यावरून निवड होते. मजकूर निवडून भाषा ‘मराठी’ लावा. टाइप करणाऱ्याने हिंदी कळफलक वापरला असेल तर तो हिंदी म्हणून नोंदला गेलेला असतो. लिब्रेऑफिस ही नोंद पाळतो, पण सगळे प्रोग्राम ती सारखी पाळत नाहीत. म्हणून कार्यालयासाठी मुळातच मराठी वळणाचा फॉन्ट निवडणे बरे. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा असा मुक्त परवान्याचा फॉन्ट आहे. त्यात ठळक आकार नाही, एवढे लक्षात ठेवा. ठळक केले तर प्रोग्राम अक्षर ओढूनताणून जाड करतो आणि छपाईत जोडाक्षरांच्या पोटातली जागा भरून जाते. शीर्षकांना वेगळा फॉन्ट ठेवा किंवा फक्त मोठा आकार द्या.

आकड्यांचे कारण निराळे. विंडोजच्या ‘रीजन’ सेटिंगमध्ये ‘यूज नेटिव्ह डिजिट्स’ अशी निवड आहे. ती चालू असेल तर साठवलेले इंग्रजी आकडे त्या संगणकावर देवनागरी दिसू शकतात, आणि दुसऱ्यावर पुन्हा इंग्रजी. मजकुरात आकडे देवनागरीतच टाइप करा, आणि पान क्रमांकाच्या ‘फॉरमॅट’ यादीतून देवनागरी आकड्यांचा प्रकार निवडा.

प्रश्न : एक्सेलमधला घरपट्टीचा तक्ता दुसऱ्या संगणकावर छापताना शेवटचा रकाना दुसऱ्या पानावर जातो. (ग्रामपंचायत कर्मचारी, जुन्नर)

उत्तर : एक्सेलमध्ये रकान्याची रुंदी मूळ फॉन्टच्या शून्याच्या पटीत मोजली जाते. मूळ फॉन्ट बदलला की सगळे रकाने थोडे थोडे बदलतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये २०२३ पासून एक्सेलचा मूळ फॉन्ट ॲप्टोस नॅरो झाला, जुन्या ऑफिसमध्ये तो नाही. वहीचा (वर्कबुकचा) ‘नॉर्मल’ स्टाइल दोन्हीकडे असलेल्या फॉन्टवर, उदाहरणार्थ कॅलिब्रीवर, आणून ठेवा. लिनक्सवर कॅलिब्री नसेल तर कार्लिटो बसवा, तो मापाने तंतोतंत तसाच आहे. मंगलसाठी असा जुळा फॉन्ट गृहीत धरू नका.

मग ‘पेज लेआउट’मध्ये ‘विड्थ’ एक पान, ‘हाइट’ ऑटोमॅटिक करा, प्रिंट एरिया ठरवा आणि ‘प्रिंट टायटल्स’मध्ये वरची ओळ प्रत्येक पानावर येईल असे करा. रकान्यांना दहा ते पंधरा टक्के रुंदी जास्त द्या. पडद्यावर जेमतेम बसलेले नाव कागदावर पुढच्या ओळीत जाते आणि ओळीची उंची तेवढी नसल्याने अर्धे कापले जाते.

प्रश्न : आठ संगणकांवर आम्ही सगळे एकाच नमुन्यावर पत्रे काढतो. एकदाच काय करून ठेवावे? (पतसंस्था व्यवस्थापक, इस्लामपूर)

उत्तर : मुक्त परवान्याचा एक फॉन्ट ठरवा. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ सोयीचा आहे: देवनागरी आणि इंग्रजी एकाच फॉन्टमध्ये, बारीकपासून अतिठळकपर्यंत सात जाड्या, आणि आठही ठिकाणी बसवायला परवान्याची अडचण नाही. एकदाच डाउनलोड केलेल्या त्याच .टीटीएफ फाइली आठही संगणकांवर न्या. प्रत्येकाने स्वतंत्र डाउनलोड केल्या तर आवृत्त्या वेगळ्या निघतात आणि अक्षरांची रुंदी जुळत नाही. दुसरा एखादा फॉन्ट घेतलात आणि संचात ‘व्हेरिएबल’ आणि ‘स्टॅटिक’ असे दोन्ही आले, तर ‘स्टॅटिक’च बसवा, वर्डचे व्हेरिएबल फॉन्टशी नीट जमत नाही. फाइलवर उजवी टिचकी मारून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडा. नुसते ‘इन्स्टॉल’ केले तर फॉन्ट त्या एका लॉगिनपुरता राहतो आणि दुपारपाळीच्या कर्मचाऱ्याला दिसत नाही.

नमुना .डॉटएक्स म्हणून जतन करा. त्यात स्टाइल्स ठरवताना कंट्रोल आणि डी दाबून उघडणाऱ्या चौकटीत ‘लॅटिन टेक्स्ट’ आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असे दोन भाग दिसतील. देवनागरीला लागू होतो तो दुसरा भाग. तो राहिला तर वर नाव ‘मुक्त’ दिसते आणि मराठी मजकूर मात्र प्रत्येक संगणकाच्या मूळ फॉन्टवर जातो. आकारही त्या भागात वेगळा भरावा लागतो. दुसरा भाग दिसतच नसेल तर ‘ऑप्शन्स’, ‘लँग्वेज’मध्ये मराठी जोडा आणि वर्ड पुन्हा सुरू करा.

छापील लेटरहेड वापरत असाल तर वरचा समास पट्टीने मोजून २ मिमी जास्त ठेवा. प्रिंटर कागद ओढताना एवढा इकडे-तिकडे होतोच.